डोडो, किल्ली आणि ऊस: मॉरिशसच्या राजचिन्हामागचा इतिहास

मॉरिशसच्या राजचिन्हावर ढालीच्या एका बाजूला डोडो उभा आहे, दुसऱ्या बाजूला हरीण, आणि दोघांच्याही जवळ ऊस. डोडो इथला, पण तो नामशेष होऊन तीन शतकं उलटली. हरीण आणि ऊस दोन्ही डचांनी १६३९ मध्ये जावाहून आणले, आणि ते टिकले. हे राजचिन्ह १९०६ साली ब्रिटिशांनी दिलं, तेव्हा त्यांना असं काही सुचवायचं असेल असं वाटत नाही. पण या बेटाचा इतिहास इतक्या थोडक्यात दुसरीकडे कुठे सापडत नाही. माणसांचंही तेच. मूळ रहिवासी म्हणावेत असे लोक इथे कधी नव्हतेच. जो आला तो जहाजातून उतरला.

बेट मात्र आपल्याला अगदीच परकं नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या खोल उष्णस्रोतातून दख्खनचा लाव्हा बाहेर पडला, त्याच स्रोतावरून भूकवच सरकत गेलं आणि पुढे समुद्रात बेटांची रांग उठली. मॉरिशस त्यातलं, साधारण ऐंशी लाख वर्षांपूर्वीचं. म्हणजे सह्याद्रीचा काळा पाषाण आणि इथल्या उसाच्या शेतांत रचून ठेवलेले काळ्या दगडांचे ढीग ही एकाच चुलीवरची भाकरी. मुख्य बेट १,८६५ चौरस किलोमीटर, मुंबईच्या जेमतेम तिप्पट. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरचं. भोवती प्रवाळांचं कडं आणि मध्ये पठार. पूर्वेला साडेपाचशे किलोमीटरवर असलेलं रॉड्रिग्ज हे लहान बेटही याच देशाचं.

डच १५९८ मध्ये आग्नेय किनाऱ्यावर उतरले आणि आपल्या राजपुत्र मॉरिट्सचं नाव बेटाला देऊन मोकळे झाले. वस्ती केली १६३८ मध्ये, आणि १७१० मध्ये कंटाळून निघून गेले. तेवढ्यात डोडो संपला होता. तो जमिनीवर घरटं करणारा, न उडणारा पक्षी. माणसांनी मारले त्याहून जास्त नुकसान जहाजांतून आलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी केलं. पुढे दीडशे वर्षं तो बहुतेक विस्मरणात गेला. १८६५ मध्ये आजच्या विमानतळाजवळच्या एका दलदलीत त्याची हाडं मोठ्या प्रमाणात सापडली, जगभर बोलबाला झाला, आणि चाळीस वर्षांनी तो ढालीशेजारी येऊन उभा राहिला.

ढालीचे चार भाग आहेत: गलबत, तीन ताडाची झाडं, किल्ली आणि तारा. खालच्या लॅटिन ब्रीदाचा अर्थ ‘हिंदी महासागराचा तारा आणि किल्ली’. किल्ली ही काव्यात्म कल्पना नव्हे, ती पोर्ट लुई. फ्रेंचांनी १७१५ मध्ये बेट घेतलं आणि १७३५ मध्ये आलेला गव्हर्नर माहे द ला बुर्दोने याने हे बंदर उभं केलं. भारताकडे जाणारी जहाजं इथे दुरुस्त होत, पाणी भरत, आणि इथूनच फ्रेंच खासगी चाचे ब्रिटिश व्यापारी जहाजं लुटत. ऑगस्ट १८१० मध्ये ग्रां पोर्टच्या आरमारी लढाईत ब्रिटिश हरले. तो विजय पॅरिसच्या विजयकमानीवर कोरला आहे. डिसेंबरात मात्र ते मोठं सैन्य घेऊन आले आणि बेट त्यांचं झालं. शरणागतीच्या अटींत रहिवाशांचे कायदे, धर्म आणि चालीरीती तशाच राहू दिल्या. म्हणूनच संसद इंग्रजीत, वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये आणि घरातलं बोलणं क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचपासून घडलेल्या बोलीत, हा घोळ आजही सुखाने चालू आहे.

शहरांची मांडणी ठरवली ती तापाने. १८६६ ते १८६८ च्या मलेरियाच्या साथीत पोर्ट लुईमध्ये माणसं पटापट मेली. ज्यांना परवडलं ते पठारावर, थंड आणि सतत पावसाळी अशा क्यूरपिपला गेले. रेल्वे नुकतीच सुरू झाली होती, म्हणून हे जमलं. रोझ हिल, कात्र बोर्न, व्हाकोआ आणि क्यूरपिप एका माळेत दिसतात ते त्यामुळेच. प्रवासी गाड्या १९५६ मध्ये बंद पडल्या, आणि २०१९ पासून जवळपास त्याच वाटेने मेट्रो धावू लागली. बांधणारे आपले लार्सन अँड टुब्रो.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजातून छत्तीस मजूर कलकत्त्याहून आले. गुलामगिरी बंद होत होती, ऊस मात्र थांबणार नव्हता. पुढच्या दशकांत साडेचार लाखांच्या आसपास करारबद्ध मजूर उतरले, बहुतेक भोजपुरी भागातले, काही तमीळ आणि तेलुगू. मुंबई बंदरातून निघालेल्यांत रत्नागिरी, साताऱ्याकडची माणसं होती. त्यांच्या पणतवंडांचं बोलणं क्रिओल झालं, पण गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि कोकणातली जाखडी अजून नाचली जाते. चलन रुपया झाला तोही भारतीय रुपयांचा राबता वाढल्यामुळे. नोटांवर तमीळ आधी की हिंदी, यावरून १९९८ मध्ये इतका गदारोळ झाला की नव्या नोटा मागे घ्याव्या लागल्या.

स्वातंत्र्यासाठी १२ मार्च १९६८ हा दिवस निवडला तो दांडीयात्रेच्या आठवणीने. गांधीजी स्वतः १९०१ मध्ये इथे काही दिवस राहिले होते. ध्वजावर चित्र काही नाही, फक्त तांबडा, निळा, पिवळा आणि हिरवा असे चार आडवे पट्टे. माझ्या मते हा शहाणपणाचा निर्णय. चित्र काढायचं ठरलं असतं तर कोणाचं, यावर नोटांसारखंच भांडण झालं असतं. १२ मार्च १९९२ रोजी देश प्रजासत्ताक झाला आणि ‘बुक्ल दोरेय’, म्हणजे कानातला डूल, राष्ट्रीय फूल ठरलं. ते जंगली अवस्थेत फक्त ल मोर्नच्या डोंगरावर उगवतं, जिथे मळ्यांतून पळालेले गुलाम कड्याकपारीत लपत.

आणि किल्ली? स्वातंत्र्याच्या तीन वर्षं आधी, १९६५ मध्ये, ब्रिटनने हिंदी महासागरातली चागोस बेटं मॉरिशसपासून तोडून घेतली आणि त्यांतलं दिएगो गार्सिया हे बेट अमेरिकेच्या लष्करी तळासाठी दिलं. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये सल्लागार मतात हे तोडणं बेकायदा ठरवलं. मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि मॉरिशसच्या करारावर सह्या झाल्या. त्यात सार्वभौमत्व मॉरिशसचं आणि तळ नव्व्याण्णव वर्षांच्या भाड्यावर, असं ठरलं. तिथून १९७३ पर्यंत हुसकावलेले दीड-दोन हजार लोक मॉरिशस आणि सेशेल्सला आणून सोडले होते. त्यांतले बरेचसे पोर्ट लुईच्या कडेच्या गरीब वस्त्यांत राहिले, त्याच बंदराच्या जवळ.