ईगल सिंड्रोम

ईगल सिंड्रोम : कवटीच्या तळाशी, कानाच्या खालच्या बाजूला असलेले स्टायलॉइड हे टोकदार हाड जास्त लांब वाढल्याने, किंवा त्याला जोडलेला अस्थिबंध हाडासारखा कडक झाल्याने, घसा, कान व मान यांत होणारे चिवट दुखणे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे कान-नाक-घसा तज्ज्ञ वॉट ईगल यांनी १९३७ साली त्याचे वर्णन केले. टॉन्सिलची शस्त्रक्रिया व्यवस्थित होऊन, जखम भरूनही घसा दुखायचा थांबत नाही, अशा रुग्णांकडे त्यांनी लक्ष वेधले.

‘स्टायलॉइड’ म्हणजे बोरूसारखे, आणि हाड दिसतेही तसेच. त्याची लांबी साधारण २.५ सेंटिमीटर असते. ३ सेंटिमीटरच्या पुढे गेले की ते लांबलेले मानतात. असे हाड असणाऱ्या बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. मात्र त्याचे टोक टॉन्सिलच्या खळगीपर्यंत पोहोचते आणि आसपास घशाच्या नसा (मज्जातंतू) व डोक्याकडे रक्त नेणारी कॅरोटिड रोहिणी असतात. टॉन्सिल काढल्यावर तिथे व्रणाची ताठ ऊती तयार होते. ती या टोकाभोवती आवळली की नसा चिडतात, असे ईगल यांचे म्हणणे होते. शस्त्रक्रिया न झालेल्यांनाही हा विकार होतो. काहींमध्ये हाड रोहिणीवर दाबते, तेव्हा दुखणे मानेतून डोळ्यापर्यंत चढते.

गिळताना, जांभई देताना किंवा मान वळवताना कळ कानात जाते. घशात माशाचा काटा अडकल्यासारखे वाटते, पण आरशाने पाहिले तर घसा स्वच्छ. मग दाढ, जबडा, कान यांवर उपचार होत राहतात, कधी चांगली दाढही काढली जाते. ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ हे ऐकावे लागणे हा या रुग्णांवरचा खरा अन्याय आहे, कारण तपासणी अवघड नाही. हातमोजा घातलेले बोट टॉन्सिलच्या खळगीत हळूच दाबायचे. एरवी तिथे हाड हाताला लागत नाही. इथे कडक टोक लागते आणि रुग्ण म्हणतो, ‘हीच ती कळ!’ त्याच जागी लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचे इंजेक्शन दिल्यावर दुखणे तात्पुरते थांबले, तर संशय पक्का होतो. नेमकी लांबी व दिशा त्रिमितीय सीटी स्कॅनमध्ये दिसते.

सुरुवातीला वेदनाशामके, नसांच्या दुखण्यावरची औषधे किंवा स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. तेवढ्याने भागले नाही तर तोंडातून किंवा मानेवर छेद घेऊन हाडाचा वाढीव भाग काढतात. तोंडातून केल्यास बाहेर व्रण राहत नाही. मानेतून केल्यास नसा व रोहिणी डोळ्यांसमोर राहतात.