'व्हेन आस्क्ड' चालतं, मग 'आफ्टर आस्क्ड' का चालत नाही?

मागे एकदा मी एका मेलमध्ये लिहिलं होतं, 'आफ्टर डिस्कस्ड विथ द टीम, वुई चेंज्ड द डेट'. मेल गेला, कोणी काही बोललं नाही, अर्थ सगळ्यांना कळलाच. पण चार दिवसांनी तोच मेल परत उघडला आणि ते वाक्य दाताखाली खडा आल्यासारखं लागलं. म्हटलं, 'व्हेन आस्क्ड अबाउट इट' असं तर आपण बिनधास्त लिहितो, पेपरमध्ये पण तसंच छापून येतं, मग 'आफ्टर डिस्कस्ड' मध्ये नेमकं काय बिघडलं? दिसायला दोन्ही सेम, पुढे एक छोटा शब्द आणि मागे क्रियापदाचं तिसरं रूप, म्हणजे शाळेतलं व्ही थ्री.

तर गंमत अशी की सेम फक्त दिसायलाच आहे.

'व्हेन' हे कंजंक्शन, म्हणजे उभयान्वयी अव्यय, आणि त्याच्यामागे अख्खं वाक्य यायला हवं, कर्ता क्रियापद सगळं. 'व्हेन ही वॉज आस्क्ड अबाउट द लेटर, ही स्माइल्ड'. आता दोन्हीकडे 'ही' तोच आहे, मग पहिला 'ही' आणि त्याच्यासोबतचा 'वॉज' हे दोघं गळून पडतात आणि उरतं 'व्हेन आस्क्ड अबाउट द लेटर, ही स्माइल्ड'. म्हणजे हे मुळात वाक्यच आहे, फक्त कपडे कमी घातलेत. असं कपडे कमी करणं इफ, अनलेस, वन्स, अनटिल, ऑल्दो, व्हेअर, अॅज इफ या सगळ्यांना जमतं. 'इफ लेफ्ट इन द सन', 'अनलेस टोल्ड अदरवाइज', 'वन्स ओपन्ड' (बाटल्यांच्या लेबलवर असतं ते), 'व्हेअर नीडेड'.

प्रीपोझिशनचं, म्हणजे इंग्रजीतल्या शब्दयोगी अव्ययाचं, तसं नसतं. विदाऊट, डिस्पाइट, बाय, ऑन, फॉर हे लोक नाम मागतात, किंवा नामासारखं वागणारं काहीतरी. आणि प्रीपोझिशनच्या मागे क्रियापदाला नाम करून बसवायचं तर इंग्रजीत त्याला आयएनजी लावावं लागतं. 'आस्क्ड' हे नाम नाही, त्यामुळे प्रीपोझिशनच्या मागे ते एकटं उभं राहूच शकत नाही. मग 'वॉज आस्क्ड' मधल्या 'वॉज'लाच आयएनजी लावायचं, त्याचं होतं 'बीइंग', आणि मिळतं 'विदाऊट बीइंग आस्क्ड', 'डिस्पाइट बीइंग टोल्ड', 'ऑन बीइंग आस्क्ड'.

आता खरा घोळ आफ्टर, बिफोर आणि सिन्सचा, कारण हे तिघं दोन्ही दगडांवर पाय ठेवून असतात. मागे पूर्ण वाक्य असेल तर कंजंक्शन, 'आफ्टर ही वॉज आस्क्ड' एकदम बरोबर. पण कर्ता काढला रे काढला की ते प्रीपोझिशनच्या बाजूला जाऊन बसतात आणि 'बीइंग' मागतात, 'आफ्टर बीइंग आस्क्ड', 'बिफोर बीइंग सेंट', 'सिन्स बीइंग अपॉइंटेड'. याला काय लॉजिक आहे असं मला विचाराल तर फार खोल लॉजिक नाही, सवय आहे भाषेची, कारण 'अनटिल'पण दोन्हीकडे चालतं आणि तरी 'अनटिल टोल्ड' बिनबोभाट बरोबर आहे. 'बिकॉज'चं तर आणखीनच उलटं, ते पक्कं कंजंक्शन आहे पण कपडे कमी करायला अजिबात तयार होत नाही, 'बिकॉज आस्क्ड' असं काही नसतंच, तिथे 'बिकॉज ही वॉज आस्क्ड' असं पूर्ण लिहायलाच लागतं. हे दोनचार पाठच करायचे.

पण ही चूक आपल्याकडूनच इतकी का होते यावर मी बराच डोकेफोड केली आणि मला वाटतं कारण मराठीतच आहे. 'विचारल्यावर' हा शब्द फोडून बघा. विचारलं, त्याचं सामान्यरूप विचारल्या, त्याला चिकटला 'वर'. म्हणजे आपण भूतकाळी धातुसाधिताला सरळ शब्दयोगी अव्यय चिकटवतो आणि काम संपलं! केल्यानंतर, आल्यापासून, सांगितल्याशिवाय, पडल्यामुळे, सगळे याच साच्यातले. मग डोक्यात 'चर्चा केल्यानंतर' चालू असताना हाताने 'आफ्टर डिस्कस्ड' टाइप होणारच, केल्या म्हणजे डिस्कस्ड आणि नंतर म्हणजे आफ्टर, हिशोब जुळला. मराठीच्या हिशोबाने ते वाक्य चुकलेलंच नाही.

आणि अजून एक, 'विचारल्यावर' मध्ये कोणी कोणाला विचारलं हे मराठी सांगतच नाही. 'विचारल्यावर तो हसला' म्हणजे कोणीतरी त्याला विचारलं, आणि 'रस्ता विचारल्यावर तो पुढे गेला' म्हणजे विचारणारा तोच. रूप तेच, आपण संदर्भाने समजून घेतो आणि पुढे जातो. इंग्रजी इथे अडून बसते. 'आफ्टर आस्किंग' म्हणजे त्याने विचारलं, 'आफ्टर बीइंग आस्क्ड' म्हणजे त्याला विचारलं. फरक किती मोठा पडतो ते बघायचं तर खाण्याचं उदाहरण घ्या, 'आफ्टर ईटिंग' मध्ये उंदीर पोटभर जेवलेला आहे आणि 'आफ्टर बीइंग ईटन' मध्ये मांजर जेवलेली आहे. म्हणून 'बीइंग' गाळणं ही बारीकसारीक चूक नाही, वाचणाऱ्याला कळतच नाही की उंदराचं नक्की काय झालं.

माझ्या मेलचंच बघा. चर्चा आम्हीच केली होती आणि पुढे कर्ता 'वुई' होता, म्हणजे तिथे 'बीइंग'ची गरजच नव्हती, 'आफ्टर डिस्कसिंग इट विथ द टीम, वुई चेंज्ड द डेट' एवढं साधं हवं होतं. तारीख कर्ता केली असती तर 'आफ्टर बीइंग डिस्कस्ड विथ द टीम, द डेट वॉज चेंज्ड' हे पण चाललं असतं, जरा सरकारी वाटतं एवढंच.

यात मागचा 'विथ' मात्र दोन्ही वाक्यांत जागचा हलला नाही, ते बघितलं का? कारण त्याचा सुरुवातीच्या 'आफ्टर'शी काही संबंध नाही, तो क्रियापदाचा सोबती आहे. 'ऑल्दो बेस्ड ऑन अ ट्रू स्टोरी' आणि 'डिस्पाइट बीइंग बेस्ड ऑन अ ट्रू स्टोरी', सुरुवातीचा शब्द काहीही बदला, 'बेस्ड'ला 'ऑन'च लागणार. (आणि 'डिस्पाइट ऑफ' लिहू नका प्लीज, 'ऑफ' हा 'इन स्पाइट'चा आहे.)

'व्हेन आस्क्ड' वाल्या प्रकारात एक खड्डा आहे. गाळलेला कर्ता आणि पुढचा कर्ता एकच लागतो. 'व्हेन आस्क्ड अबाउट द लेटर, हिज फेस टर्न्ड रेड' असं लिहिलं तर विचारलं कोणाला, चेहऱ्याला? मराठीत 'विचारल्यावर त्याचा चेहरा लाल झाला' यात कोणाला काही खटकत नाही, त्यामुळे आपल्याला तो खड्डा दिसत पण नाही.

आता कोणी म्हणेल, 'विथ हिज हँड्स टाइड बिहाइंड हिज बॅक' मध्ये तर 'विथ' प्रीपोझिशन आहे आणि 'टाइड' व्ही थ्री, 'बीइंग' कुठे गेलं? बरोबर प्रश्न आहे, पण मध्ये 'हँड्स' हे नाम बसलंय ना, 'विथ'ला त्याचं नाम मिळालं, तो खूश. 'टाइड' त्या हातांबद्दल सांगतंय, 'विथ टाइड' असं कोणी म्हणत नाही.

आणि काही व्ही थ्री असे आहेत की त्यांनी पक्षच बदलला. 'गिव्हन द वेदर' मध्ये 'गिव्हन' स्वतःच प्रीपोझिशन होऊन बसलंय, 'प्रोव्हायडेड यू कम ऑन टाइम' मध्ये 'प्रोव्हायडेड' चक्क कंजंक्शनचं काम करतंय. सगळ्यात भारी म्हणजे 'पास्ट'. 'ही वॉक्ड पास्ट द गेट' मधला 'पास्ट' पण कधीकाळी 'पास'चं व्ही थ्रीच होता, म्हणजे तो आता प्रीपोझिशन म्हणून हिंडतोय आणि त्याच्या जागी व्ही थ्रीचं काम 'पास्ड' करतोय, उच्चार दोघांचा तोच, आणि स्पेलिंग आपण अजूनही चुकतो.