युरिया उतरला, बाकीच्यांचं काय?

डायलिसिसनंतरचा रिपोर्ट हातात आला की घरच्यांची नजर पहिल्यांदा युरियावर जाते. १४० चा ४५ झालेला दिसला की जीव भांड्यात पडतो. पण युरिया हा मूत्रपिंड निकामी झाल्यावर रक्तात साठणाऱ्या घाणीतला तुलनेने निरुपद्रवी घटक आहे. मोजायला सोपा, म्हणून त्याच्यावरून डायलिसिस किती झालं ते ठरवतात. खरा त्रास देणारे पदार्थ त्याच वेगाने बाहेर पडतात असं मात्र नाही.

नेहमीच्या हिमोडायलिसिसमध्ये फिश्चुलातून (हातातली धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडून केलेल्या वाटेतून) मिनिटाला साधारण ३०० मिली रक्त डायलायझरमध्ये जातं. त्या नळकांड्यात हजारो पोकळ तंतू असतात, प्रत्येकाची आतली पोकळी जेमतेम ०.२ मिलिमीटर. तंतूंच्या आतून रक्त, बाहेरून उलट दिशेने मिनिटाला सुमारे ५०० मिली द्रावण. म्हणजे चार तासांत १२० लिटर! युरियाचा रेणू ६० डाल्टनचा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक), क्रिएटिनिनचा ११३ चा. हे चिमुकले रेणू जास्त संहतीकडून कमी संहतीकडे, पडद्याच्या छिद्रांतून झपाट्याने निघून जातात.

बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हे प्रथिन मात्र ११,८०० डाल्टनचं आहे. जुन्या, बारीक छिद्रांच्या पडद्यातून ते जातच नसे. वर्षानुवर्षं डायलिसिसवर असलेल्यांच्या सांध्यांत ते साचतं, मनगटातली नस दाबली जाते, बोटं बधिर होतात. मोठ्या छिद्रांचे, म्हणजे हाय-फ्लक्स डायलायझर आल्यावर ते थोडंफार निघू लागलं. पण असा जड रेणू आपणहून फार हळू सरकतो.

हिमोडायफिल्ट्रेशनची युक्ती इथे कामी येते. रक्तातलं पाणीच दाबाने पडद्यापलीकडे ओढायचं, म्हणजे त्या ओघाबरोबर मोठे रेणूही वाहून जातात. आणि गेलेल्या पाण्याच्या जागी तेवढंच शुद्ध द्रावण रक्तात भरायचं. युरोपातल्या १,३६० रुग्णांवरच्या ‘कन्व्हिन्स’ चाचणीत दर खेपेला असं किमान २३ लिटर पाणी ओढायचं लक्ष्य होतं. २०२३ साली निकाल आले: हाय-फ्लक्स हिमोडायलिसिसच्या गटात २१.९ टक्के मृत्यू, हिमोडायफिल्ट्रेशनच्या गटात १७.३ टक्के. फरक मोलाचा आहे. मात्र एवढा प्रवाह पेलू शकतील असेच रुग्ण त्यात निवडले होते, हे विसरू नये. शिवाय ते द्रावण थेट रक्तात जात असल्याने पाणी अतिशुद्ध लागतं, आणि लहान सेंटरला तेच जड जातं.

माझ्या मते आपल्याकडे त्याआधीचा प्रश्न वेळेचा आहे. अनेकजण आठवड्यातून तीनऐवजी दोनदाच येतात, वर टेक्निशियनला ‘आज अर्धा तास आधी सोडा’ म्हणून गळ घालतात. फॉस्फेटचा रेणू लहानच असतो, पण त्याचा साठा पेशींत आणि हाडांत. रक्तातलं फॉस्फेट सुरुवातीलाच उतरतं, मग आतून सावकाश झिरपत राहतं. ते काढायला तासच लागतात, नुसता पंप वाढवून भागत नाही.

पोटाच्या डायलिसिसमध्ये वेळच वेळ असतो. पोटाच्या आतलं आवरण हाच पडदा. दोन लिटर द्रावण भरायचं, काही तास ठेवायचं, काढायचं. दिवसाला बहुधा चार पिशव्या. तासाच्या हिशेबात युरिया कमी निघतो, पण काम दिवसरात्र चालू राहतं, त्यामुळे रक्तातली चढउतार टळते. हात स्वच्छ धुण्यात हयगय झाली तर पोटात जंतुसंसर्ग होतो, ही त्याची मोठी जोखीम.

आणि इंडॉक्सिल सल्फेट हा साठणारा आणखी एक विषारी पदार्थ? आतड्यातले जीवाणू ट्रिप्टोफॅन या प्रथिनांतल्या घटकापासून जे इंडोल बनवतात, त्यापासून ते यकृतात तयार होतं. त्याचा ९० टक्क्यांहून जास्त भाग अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटून बसतो, आणि अल्ब्युमिन तर शरीरात राखायचंच असतं. त्यामुळे यातली कुठलीच पद्धत ते नीट काढू शकत नाही. उरलंसुरलं मूत्रपिंड मात्र ते सूक्ष्म नलिकांतून बाहेर टाकतं. म्हणून डायलिसिस सुरू झाल्यावरही दिवसाला कपभर लघवी होत असेल तर ती फार मोलाची. गुडघे दुखले म्हणून डॉक्टरांना न विचारता घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या तीच आधी घालवू शकतात.