मायक्रोट्यूब्यूलचा ताठरपणा

पेशीच्या आतल्या सांगाड्यात तीन प्रकारचे धागे असतात, त्यातला सगळ्यात ताठ म्हणजे मायक्रोट्यूब्यूल. पुस्तकी मराठीत सूक्ष्मनलिका. ट्यूब्युलिन नावाच्या प्रोटीनच्या ८ नॅनोमीटर लांबीच्या जोड्या एकापुढे एक लागून धागा होतो, त्याला प्रोटोफिलामेंट म्हणतात, आणि असे बहुतेक वेळा १३ धागे कडेला कडा चिकटून एक पोकळ नळी बनते, बाहेरून साधारण २५ नॅनोमीटर जाड. लांबी मात्र कित्येक मायक्रोमीटर, म्हणजे जाडीच्या शेकडो पट, त्यामुळे ही नळी वाकते किती आणि कधी हा प्रश्न आपोआपच येतो.

हे मोजायचं कसं? इतकी बारीक वस्तू पाण्यात आजूबाजूच्या रेणूंच्या धक्क्यांनीच सतत थरथरत असते, आणि जी जास्त थरथरते ती जास्त लवचिक, इतका साधा हिशोब आहे. त्यातून जो आकडा निघतो त्याला पर्सिस्टन्स लेंथ म्हणतात, म्हणजे ढोबळमानाने किती अंतरापर्यंत धागा आपली दिशा धरून राहतो ते. १९९३ मधे गिट्स, हॉवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही थरथर मोजली तेव्हा मायक्रोट्यूब्यूलसाठी सुमारे ५.२ मिलिमीटर आली आणि अ‍ॅक्टिन या सांगाड्यातल्याच दुसऱ्या बारीक धाग्यासाठी फक्त १८ मायक्रोमीटरच्या आसपास, जवळजवळ ३०० पटींचा फरक. पण मटेरियल म्हणून बघितलं तर दोन्ही प्रोटीन साधारण सारखीच कडक, यंग्ज मॉड्युलस, म्हणजे मटेरियलच्या कडकपणाचं माप, १ गिगापास्कलच्या आसपास, म्हणजे कडक प्लास्टिकएवढा. मग एवढा फरक कुठून आला, तर आकारातून. तेवढंच मटेरियल मधोमध न ठेवता नळीच्या भिंतीत बाहेर नेऊन ठेवलंय म्हणून वाकवायला जड जातं.

आता खरी भानगड. ५.२ मिलिमीटर हा आकडा सगळीकडे छापला जातो, पण तो टॅक्सॉल लावलेल्या नळ्यांचा आहे, आणि टॅक्सॉल हे कॅन्सरचं औषध नळी विरघळू देत नाही म्हणून प्रयोगात सर्रास वापरतात. त्याने नळी कडक होते की मऊ, यावर एकमत नाही. १९९५ मधे मिकी आणि हॉवर्ड यांना कडक झालेली दिसली, तर १९९६ मधे फेल्गनर वगैरेंनी ऑप्टिकल ट्वीझर्सने, म्हणजे लेझरच्या चिमट्याने, वाकवून बघितली तेव्हा ती तीन-चार पट मऊ निघाली. दोघांची पद्धत वेगळी, नळ्या बनवायची रीतही वेगळी, आणि प्रोटोफिलामेंट १३ आहेत की १४ याचाही परिणाम होतोच. जॅन्सन आणि डॉग्टरोम यांनी तर २००४ मधे दाखवलं की भराभर वाढलेली नळी हळू वाढलेलीपेक्षा मऊ असते. तेव्हा कुठलाही आकडा वाचताना नळी कशी बनवली होती ते आधी बघावं, नाहीतर त्याला फारसा अर्थ राहत नाही.

लांबीचाही मुद्दा आहे. २००६ मधे पाम्पालोनी आणि सहकाऱ्यांना २.६ मायक्रोमीटरच्या नळीची पर्सिस्टन्स लेंथ ११० मायक्रोमीटर मिळाली आणि ४७.५ मायक्रोमीटरच्या नळीची सुमारे ५ मिलिमीटर. एकसंध दांडी असती तर असं झालं नसतं. पण शेजारशेजारच्या प्रोटोफिलामेंटमधली आडवी जोडणी उभ्या जोडणीपेक्षा खूप ढिली असते, नळी आखूड असली की वाकताना धागे एकमेकांवरून थोडे घसरतात आणि ती मऊ वाटते.

पेशीत नळीला चिकटणारी प्रोटीनं हा कडकपणा कमीजास्त करतात. मज्जापेशीतलं टाऊ आणि मॅप-२ वाढवतात, वनस्पतीतलं मॅप-६५ उलट लवचिक करतं. अ‍ॅसिटिलेशनची गंमत वेगळीच आहे. नळीच्या आतल्या बाजूला जोडीतल्या अल्फा ट्यूब्युलिनच्या ४० नंबरच्या लायसिन या अमिनो आम्लावर अ‍ॅसिटिल गट बसला की आडवी जोडणी आणखी सैल होते, नळी मऊ पडते, पण म्हणूनच पुन्हापुन्हा वाकवली तरी तुटत नाही. साधी नळी वारंवार वाकवली की जोड्या निसटून ती हळूहळू मऊ होत जाते, मात्र भोवती सुटं ट्यूब्युलिन असेल आणि जरा विश्रांती मिळाली तर नवीन जोड्या बसून ती दुरुस्त होते, हे २०१५ मधे दिसलं.

दाबाखाली काय होतं? दोन्ही टोकांनी दाबलं तर १० मायक्रोमीटरची एकटी नळी २ पिकोन्यूटनच्या आसपासच मुडपते, नळीवरून चालणारं एक मोटर प्रोटीन, कायनेसिन, याहून जास्त जोर लावते. मग पेशीत ती टिकते कशी, तर आजूबाजूचं जाळं तिला बाजूने धरून ठेवतं. ब्रँगविन आणि सहकाऱ्यांनी २००६ मधे दाखवलं की त्यामुळे नळी एका मोठ्या कमानीत न वाकता साधारण ३ मायक्रोमीटरच्या लाटांत वाकते आणि एकटीपेक्षा १०० पटींपर्यंत जास्त दाब सोसते. हृदयाच्या स्नायूपेशींत प्रत्येक ठोक्याला या नळ्या अशाच लाटांत वाकून परत सरळ होतात. त्या नळ्यांच्या ट्यूब्युलिनच्या टोकाचं टायरोसिन हे अमिनो आम्ल काढलेलं असेल तर त्या डेस्मिन या स्नायूपेशीतल्या दुसऱ्या धाग्यांच्या जाळ्याला घट्ट अडकतात आणि आकुंचनाला विरोध करतात. निकामी होत चाललेल्या मानवी हृदयांत अशा नळ्या जास्त सापडतात आणि २०१८ मधे त्या पेशींतलं हे नळ्यांचं जाळं औषधाने मोडल्यावर पेशी मऊ झाल्या, जास्त चांगल्या आकुंचनही पावल्या.