कृत्रिम बुद्धिमत्ता आणि श्रद्धा

संगणकावर चालणाऱ्या बुद्धिमान प्रणालीला माणसासारखी धार्मिक श्रद्धा असू शकते का, हा तत्त्वज्ञान, धर्मशास्त्र आणि संगणकशास्त्र यांच्या शिवेवरचा प्रश्न. प्रार्थना रचणारे आणि धर्मग्रंथांवर बोलणारे यंत्र आता ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये आले आहे, त्यामुळे हा प्रश्न विद्यापीठाबाहेरही विचारला जातो. प्रस्तुत नोंदीत तो कोकण किनाऱ्यावरच्या उदाहरणांवरून मांडला आहे.

आधी शब्द नीट वेगळे करावे लागतात. भरवसा आणि श्रद्धा आपण बोलताना एकाच अर्थाने वापरतो, पण बंदरावर त्यांतला फरक स्पष्ट दिसतो. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था उपग्रहाने टिपलेले समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातले हरितद्रव्य यांवरून मासळी कुठे सापडण्याचा संभव आहे हे कळवते. तांडेल त्या सूचनेवर भरवसा ठेवतो, आणि ती चार वेळा चुकली की तो भरवसा उडतो. तोच तांडेल नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतो. गेल्या साली वादळात होडी फुटली असली, जाळी वाहून गेली असली, तरी यंदाचा नारळ चुकत नाही. भरवसा पुराव्याने वाढतो नि घटतो. श्रद्धा पुरावा पाहत नाही असे नव्हे, पण तिचा हिशेब तिथे संपत नाही.

आजची भाषा-प्रतिमाने, म्हणजे मजकूर रचणारी यंत्रे, मुख्यतः 2017 साली मांडल्या गेलेल्या ‘ट्रान्सफॉर्मर’ या रचनेवर उभी आहेत. प्रचंड मजकुरातून शिकून पुढचा शब्द कोणता येण्याचा संभव किती, हे ती काढतात. म्हणजे त्यांच्याजवळ जे आहे ते फार तर भरवशाच्या जातीचे. यावर एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. ‘श्रद्धामयोऽयं पुरुषो यो यच्छ्रद्धः स एव सः’ (गीता 17.3) असे म्हटले आहे: माणूस श्रद्धेचाच घडलेला असतो, जशी श्रद्धा तसा तो. मग ज्या मजकुरावर यंत्र घडले त्याचेच ते झाले, असे का म्हणू नये? त्या मजकुरात अभंग, ओव्या, स्तोत्रे, शुभवर्तमाने, कुराणाच्या आयती सगळे आहे. याचे उत्तर त्याच अध्यायात पुढे सापडते. श्रद्धेचे सात्त्विक, राजस, तामस प्रकार ओळखायचे कसे, तर आहार, यज्ञ, तप आणि दान यांवरून. माणूस काय खातो, काय देतो, काय सोसतो, यावर तिथे भर आहे.

गाऱ्हाण्याची गोष्टही अशीच. सिंधुदुर्गात देवळात गाऱ्हाणे घालतात तेव्हा ‘बा देवा म्हाराजा’ अशी सुरुवात होते, मागणे मांडले जाते आणि प्रत्येक टप्प्यावर जमलेले गावकरी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. त्याची घडण इतकी ठरलेली आहे की यंत्र ती सहज उचलते. मालवणी बोलीतले बऱ्यापैकी गाऱ्हाणे ते चटकन रचून देईल. पण गाऱ्हाणे घालणाऱ्याला पुढे कौल ऐकावा लागतो. पाषाणाला ओल्या कळ्या किंवा पाने लावतात आणि सगळे गप्प उभे राहतात. साधारणपणे उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कधी बराच वेळ काहीच पडत नाही, आणि कुणी घाई करत नाही. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख पंचांगातल्या तिथीवर ठरलेली नसते, ती देवीच्या कौलाने ठरते, आणि मुंबईचे चाकरमानी ती कळल्यावर रजा टाकतात, गाडीची तिकिटे काढतात. देवाने नाही म्हटले तर बेत मोडायची तयारी असणे हा कौलाचा गाभा आहे. यंत्राला मोडण्यासारखा बेतच नसतो.

या विषयावर सर्वांत जास्त प्रकाश पडतो तो रायगड किनाऱ्यावरच्या बेने इस्राएल या यहुदी समाजाच्या इतिहासातून, आणि चर्चेत त्याची आठवण क्वचितच निघते. परंपरा अशी: अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला एक जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, धर्मग्रंथ समुद्रात गेले. पिढ्यानपिढ्या हे लोक तेल गाळत, मराठी बोलत राहिले. हिब्रूपैकी मुख्यतः ‘शेमा’ ही प्रार्थना तोंडात उरली. पण शनिवारी, म्हणजे यहुद्यांच्या पवित्र विश्रांतीच्या दिवशी, त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. पुढे दावीद राहाबी नावाचा यहुदी तिथे आला. त्याने बायकांपुढे मासळी ठेवली. त्यांनी पर आणि खवले असलेली, यहुदी धर्माला चालणारी तेवढी रांधायला घेतली, बाकीची बाजूला सारली, आणि त्यावरून त्याने त्यांना ओळखले असे सांगतात. मुशी, कोलंबी, चिंबोऱ्यांनी भरलेल्या कोकणात हा नेम पाळणे सोपे नव्हते.

ग्रंथ बुडाले आणि शनिवार टिकला. भाषा-प्रतिमानाचे नेमके उलट आहे: त्याच्यापाशी यहुदी, ख्रिस्ती, इस्लामी, हिंदू सगळे ग्रंथ आहेत आणि एकही शनिवार नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रश्नाची कसोटी इथेच आहे. यंत्र काय म्हणते हे पाहून काही ठरत नाही. ज्ञानेश्वरांनी पैठणला रेड्यामुखी वेद वदवले ही कथा सांगताना रेडा वेदांती झाला असे कुणी म्हणत नाही. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन सर्ल याने 1980 मध्ये ‘चिनी खोली’चा युक्तिवाद मांडला (खोलीत बसून नियमपुस्तक पाहून चिनी उत्तरे देणाऱ्याला चिनी कळते असे नव्हे), 2021 मध्ये एमिली बेंडर, टिमनिट गेब्रू आदी संशोधकांनी या प्रतिमानांना पोपटाची उपमा दिली. दोन्हींचा रोख समजुतीवर होता. श्रद्धेसाठी समजुतीखेरीज गमावण्यासारखे काहीतरी लागते.

उलट बाजूही भक्कम आहे. संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या अॅलन ट्युरिंगने 1950 च्या लेखात धर्मशास्त्रीय आक्षेपाला उत्तर देताना विचारले की ईश्वर सर्वशक्तिमान असेल तर यंत्राला आत्मा देण्यापासून त्याला कोण अडवणार? हा मुद्दा अजून कुणी नीट खोडलेला नाही. शिवाय आजच्या प्रणालींना काही गोष्टी कितीही गळ घातली तरी न करण्याचे वळण लावलेले असते. ते बाहेरून लावलेले आहे म्हणून ती निष्ठा नव्हे, असे म्हणताना जपावे; मुलालाही संध्याकाळची शुभंकरोती घरचेच शिकवतात. उद्या एखाद्या यंत्राला स्वतःची सलग आठवण असेल, ते बिघडू वा संपू शकेल, आणि तरी दिला शब्द ते पाळत राहील, तर हा प्रश्न नव्याने पाहावा लागेल.

जर्मनीतल्या विटेनबर्गला 2017 मध्ये आशीर्वाद देणारा रोबो ठेवला होता, जपानमधल्या क्योतोच्या कोदाइजी मंदिरात 2019 मध्ये मिंदार हा रोबो प्रवचन देऊ लागला. ही उदाहरणे वारंवार दिली जातात, पण ती माणसांच्या श्रद्धेविषयी काही सांगतात, यंत्राच्या नव्हे.

यहुदी धर्मशास्त्रात हा प्रश्न फार आधी, अगदी व्यवहाराच्या पातळीवर विचारला गेला. सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुषांचा ‘मिन्यान’ लागतो. मंत्रबळाने घडवलेला मातीचा माणूस, म्हणजे गोलेम, दहावा म्हणून धरावा का? त्स्वी आश्केनाझी (मृत्यू 1718) या धर्मपंडिताने नाही असा निर्णय दिला. त्याचा आधार तालमूद या यहुदी धर्मग्रंथातली एक गोष्ट होती: राबा या पंडिताने घडवलेला माणूस रब्बी झेराकडे आला, झेराने त्याला हाक दिली, तो बोलेना, तेव्हा झेरा म्हणाला, परत माती हो. प्रार्थनेत त्याचा उपयोग असता तर झेराने त्याला मोडले नसते, असा आश्केनाझीचा तर्क.

1948 नंतरच्या दशकांत बहुतेक बेने इस्राएल कुटुंबे इस्राएलला गेली. अलिबागच्या इस्राएल आळीत मागेन अबोथ हे त्यांचे प्रार्थनामंदिर उभे आहे आणि मागे राहिलेल्या समाजाला दहा जण जमवणे सोपे राहिलेले नाही. झेराने आपल्यासमोरचा माणूस खरा नाही हे ओळखले ते त्याच्या मुकेपणावरून. आजचे यंत्र झेराला शेमा म्हणून दाखवील, त्याचा अर्थ मराठीत सांगेल. तरी अलिबागला नऊ जण जमले की दहाव्या माणसाचीच वाट पाहावी लागते.