प्रायमरचं भोक: आधी पडलं की नंतर?

झाडलेल्या काडतुसाची पुंगळी उलटी धरली की बुडाच्या मधोमध प्रायमर दिसतो आणि त्यावर फायरिंग पिनची गोल, गुळगुळीत खळगी. काडतुसं पुन्हा भरणाऱ्यांच्या हाती कधीकधी वेगळीच पुंगळी येते. खळगीत भोक असतं, तिच्याभोवती कडं उभं राहिलेलं असतं, नाहीतर अख्खा प्रायमर ठोकून सपाट केल्यासारखा दिसतो. ‘काडतुसात बंदुकीची दारू जास्त झाली’ हा निकाल मग लगेच लागतो. तो खरा असू शकतो, म्हणून तो आधी तपासायलाच हवा. पण तिथेच थांबलं तर खरा दोष तसाच राहण्याची भीती असते.

प्रायमर म्हणजे पातळ धातूची इवलीशी वाटी. मोठ्या मापाचा घेतला तरी व्यास 0.210 इंच, म्हणजे 5.3 मिलिमीटरच्या आसपास. आत बहुतेकदा लेड स्टिफनेटचं मिश्रण असतं आणि त्याला टेकलेली चिमुकली ऐरण. पिन आदळली की मिश्रण वाटी आणि ऐरण यांच्यात चिरडतं, पेटतं आणि बुडाच्या छिद्रातून ज्वाळा दारूपर्यंत जाते.

पुढच्या एक-दोन मिलिसेकंदांत जे घडतं, त्याचा क्रम समजला की निम्मं निदान झालंच. दाब चढू लागताच पुंगळीच्या भिंती फुगून चेंबरला, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या खोबणीला, घट्ट चिकटतात. पुंगळी अशी जागच्या जागी अडकलेली असताना प्रायमर मात्र मागे सरकतो आणि बोल्टला, म्हणजे काडतूस मागून बंद करणाऱ्या दट्ट्याला, टेकतो. दाब आणखी वाढला की पुंगळीचं बूडही ताणलं जाऊन मागे येतं आणि बाहेर डोकावणाऱ्या प्रायमरला पुन्हा खोबणीत दाबून बसवतं. प्रायमर बाहेर आलेलाच राहिला, तर बहुधा दाब एवढा कमी होता की बूड मागे आलंच नाही. नवख्या माणसाला हे उलटं वाटतं.

सपाट प्रायमरचा घोळ इथूनच सुरू होतो. पुंगळीचं बूड आणि बोल्ट यांच्यात मोकळी जागा जास्त असेल, तर प्रायमर बराच बाहेर येतो, त्याची कड फुगते आणि मागे येणारं बूड ती चेपून टाकतं. .308 विंचेस्टरची सामी या अमेरिकी संस्थेने ठरवलेली कमाल दाबमर्यादा प्रति चौरस इंच 62,000 पौंड आहे. तिच्या बऱ्याच खालीसुद्धा असा सपाट प्रायमर मिळू शकतो. दोष मग दारूच्या मापात नसून साइझिंग डायच्या, म्हणजे झाडलेली पुंगळी दाबून पुन्हा मापात आणणाऱ्या साच्याच्या, बसवणुकीत असतो, कारण डायने पुंगळीचा खांदा (तोंडाकडे ती निमुळती होते तो भाग) गरजेपेक्षा जास्त मागे ढकललेला असतो. झाडलेल्या आणि डायमधून काढलेल्या पुंगळीच्या खांद्याचं माप गेजने घेऊन ताडून पाहिलं की हे उघड होतं. नुसता दारूचा भार कमी करून हा दोष जात नाही.

खळगीभोवतीच्या कड्याचंही तसंच. बोल्टमधलं पिनचं छिद्र सैल असेल किंवा स्प्रिंग थकली असेल, तर वाटीचा धातू त्या फटीत शिरतो. त्याच बंदुकीतून कारखान्याचं काडतूस झाडून पाहावं. तिथेही कडं उठलं तर संशय बंदुकीवर जातो. काही पिस्तुलांत खळगीला शेपूट फुटल्यासारखा ओरखडा दिसतो. नळी खाली झुकताना पिन अजून खळगीतच असते, एवढाच त्याचा अर्थ. त्याची चिंता नको.

भोकाच्या बाबतीत पहिला प्रश्न म्हणजे ते पडलं कधी? झाडताना पडलेलं भोक खळगीच्या तळाशी असतं आणि त्याच्या कडा काजळलेल्या, कधी वितळल्यासारख्या दिसतात. बोल्टच्या तोंडावरही जळल्याचे खड्डे सापडतात. कारणं अनेक: पिनचं टोक झिजून धारदार झालेलं, दाब खरोखरच जास्त, किंवा वाटी पातळ. लहान रायफल प्रायमरची वाटी कुठे सुमारे 0.020 इंच जाड असते, तर कुठे 0.025. म्हणून एकाऐवजी दुसरा प्रायमर सहज बदलून चालत नाही. जुना प्रायमर काढताना पडलेलं भोक मात्र ओळखू येतं. तिथे खळगी आतून बाहेर उलटलेली असते, फाटलेली कड बाहेर वळलेली आणि धातू स्वच्छ चकाकणारा. लष्करी पुंगळीत प्रायमरभोवती पितळ दाबून बसवलेलं असतं, किंवा ओली राहिलेली पुंगळी आतून गंजलेली असते. जुना प्रायमर आतून ढकलून काढणारी डिकॅपिंग पिन मग प्रायमर ढकलण्याऐवजी त्याला आरपार भोसकते आणि खोबणीत नुसतं कडं उरतं.

सर्वांत गंभीर प्रकार म्हणजे खळगीचा तळच गोल टिकलीसारखा कापला जाणं. मागे उसळलेला तप्त वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. डोळ्यांवर चष्मा हवा तो यासाठीच. टिकली बोल्टच्या आत पिनच्या वाटेत शिरते. अशी पुंगळी दिसली की गोळीबार तिथेच थांबवायचा, बंदूक रिकामी करायची, बोल्ट उघडून टिकली शोधून काढायची आणि पिनचं टोक भिंगाखाली पाहायचं. टिकली आत राहिली तर पुढच्या वेळी पिन पूर्ण पोचत नाही आणि काडतूस पेटत नाही. किंवा पिन पुढे निघालेल्या स्थितीतच अडकते आणि बोल्ट बंद होताना, चापाला बोट न लावता, गोळी सुटू शकते.