सपुष्प वनस्पतींतील लिंगव्यवस्था

पुंकेसर (नर अंग) आणि किंजदल (मादी अंग) हे फुलांत आणि झाडांत कसे वाटलेले असतात, त्या मांडणीला लिंगव्यवस्था म्हणतात. जास्वंदीप्रमाणे दोन्ही अंगे एकाच फुलात असणे, म्हणजे फूल द्विलिंगी असणे, ही सर्वांत जास्त आढळणारी तऱ्हा. दुधी, काकडी, नारळ, फणस यांची फुले एकलिंगी असतात, पण नर आणि मादी दोन्ही एकाच वेलीवर वा झाडावर येतात. ताड, शिंदी, तोंडली, कर्टुली यांत नराचे झाड वेगळे आणि मादीचे वेगळे. हा विभक्तलिंगी प्रकार. अशा जाती सुमारे १५,६००, म्हणजे सपुष्प वनस्पतींच्या ५ ते ६ टक्के आहेत. मधल्या छटाही बऱ्याच. आंब्याच्या मोहोरात द्विलिंगी फुलांसोबत नुसती नर फुलेही असतात. मोहोराने झाड लगडले तरी फळे मोजकीच धरतात, त्याचे हे एक कारण.

मुंबईत हा विषय समजून घ्यायला भाजीबाजार आणि घरची गॅलरी पुरेशी आहे. कुंडीत दुधी लावणाऱ्यांची ठरलेली तक्रार असते, की फुले येतात आणि गळून जातात. वेलीवर सुरुवातीला येणारी फुले बहुतेक नर असतात, ती गळणारच. मादी फूल ओळखणे सोपे : पाकळ्यांखाली इवलासा दुधी आधीच दिसतो.

दुधी-काकडीच्या कुळातल्या वेलींत लिंगाचे वेगळे गुणसूत्र सहसा नसते. दोन्ही तऱ्हांची फुले घडवण्याची माहिती प्रत्येक पेशीत असते आणि कळीच्या वाढीत एका अंगाची वाढ थांबवली जाते. त्यात इथिलीनचा मोठा हात आहे. आंबे-केळी पिकवणारा वायू तो हाच. खरबुजात इथिलीन बनवणाऱ्या एका विकराचे (एन्झाइमचे) जनुक मादी फुलातील पुंकेसर दाबून टाकते आणि ते निकामी झाले की फूल द्विलिंगी होते, हे २००८ मध्ये दाखवण्यात आले. काकडीवर इथिलीन सोडणारे औषध फवारले की मादी फुले वाढतात. उलट, केवळ मादी फुले देणाऱ्या वाणाचे बी धरायचे, तर सिल्व्हर नायट्रेटने इथिलीनचा परिणाम रोखून नर फुले आणवतात.

विभक्तलिंगी झाडांचे कोडे अधिक खोल आहे. निम्म्या झाडांना फळच धरत नसेल, तर ही व्यवस्था टिकते कशी? द्विलिंगी वनस्पती विभक्तलिंगी का व्हाव्यात हे उमगणे कठीण आहे, अशी कबुली डार्विनने १८७७ मध्ये दिली होती. स्वपरागणातून होणारी दुबळी संतती टळते, हे एक उत्तर. अन्नसाठा एकाच कामावर खर्च केल्याने फायदा होतो, हे दुसरे. उत्क्रांतीचे अभ्यासक डेबोरा आणि ब्रायन चार्ल्सवर्थ यांनी १९७८ मध्ये मांडलेला मार्ग दोन पायऱ्यांचा आहे. आधी एका उत्परिवर्तनाने (जनुकातील बदलाने) काही झाडांचे पराग वांझ होतात आणि ती मादी बनतात. मग दुसऱ्या उत्परिवर्तनाने उरलेल्या झाडांतील मादी अंग दबते. जोडीतील गुणसूत्रे आपसांत तुकडे बदलतात; त्यात हे दोन्ही बदल एकाच गुणसूत्रावर आले, तर ना नर ना मादी असे झाड निपजेल. म्हणून या दोन जागांमधल्या पट्ट्यात ही देवाणघेवाण थांबणे लाभाचे ठरते. तो बंद पट्टा पुढे वाढत जातो आणि त्यातूनच लिंगगुणसूत्र घडते. ॲस्परॅगस या भाजीच्या झाडात अशी दोन जनुके सापडली आहेत. सगळीकडे हाच नियम मात्र नाही. विभक्तलिंगता वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे शेकडो वेळा उद्भवली आहे आणि काही ठिकाणी मागेही फिरली आहे.

तोंडली हे तर पाठ्यपुस्तकात शोभणारे उदाहरण. तिच्या पेशीत २४ गुणसूत्रे असतात आणि नर वेलीतील वाय, म्हणजे नर ठरवणारे, गुणसूत्र बाकी सगळ्यांहून मोठे असते. माणसात वाय आक्रसलेले, इथे फुगलेले. बाजारातली तोंडली मादी वेलीची. लागवड छाट्यांपासून होत असल्याने शेतकऱ्याला लिंगाचा अंदाज बांधावा लागत नाही. पावसाळ्यात येणाऱ्या कर्टुल्यांचेही तसेच : नर-मादी ओळखून कंद राखले जातात, आणि परागणासाठी काही नर वेली ठेवाव्याच लागतात.

पपईत तीन लिंगे आहेत. मादीत दोन एक्स, नरात एक्स-वाय, आणि द्विलिंगी झाडात एक्ससोबत वायचेच एक बदललेले रूप. हे रूप नराच्या वायपासून जेमतेम ४,००० वर्षांपूर्वी वेगळे झाले असावे, म्हणजे मध्य अमेरिकेतील शेतीच्या काळात. बहुधा माणसाच्याच निवडीने. वायच्या दोन प्रती आलेला गर्भ जगत नाही. त्यामुळे द्विलिंगी झाडाच्या स्वपरागणातून मिळालेल्या बियांत द्विलिंगी आणि मादी यांचे प्रमाण २:१ पडते. शेतकरी एका खड्ड्यात दोन-तीन रोपे लावतो आणि फूल दिसल्यावर हवे ते ठेवतो. द्विलिंगी झाडाचे फळ लांबट, मादीचे गोलसर आणि आत पोकळी मोठी. हातगाडीवर लांबट फळालाच मागणी.

ताडाला ही सोय नाही. रोपाकडे पाहून तो नर की मादी हे कळत नाही आणि फुलायला बारा-पंधरा वर्षे सहज लागतात. एप्रिल-मेमध्ये स्टेशनबाहेर टोपलीत येणारे ताडगोळे फक्त मादी झाडांचे. नर ताडाला येतात ती बोटांसारखी लांब कणसे, फळ नाही. ताडी मात्र दोघांच्याही फुलोऱ्यातून निघते, तेव्हा वसई-गोराईकडच्या ताडी काढणाऱ्याचे झाडाच्या लिंगावाचून अडत नाही. ताडगोळे विकणाऱ्याला निम्मी झाडे सोडून द्यावी लागतात.